चौदा हजार ओळी आणि माझं एकटीचं नाव

४ फेब्रुवारी

तीन ओळींच्या दुरुस्तीसाठी तीन तास ताटकळणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या चुका निस्तरणाऱ्या, शाबासकीची अपेक्षा केव्हाच सोडून दिलेल्या, आणि तरीही आपल्याच कामाच्या दारात परवानगीसाठी उभं राहावं लागणाऱ्या स्वयंसेवकांनो! आपलं दुखणं एकच आहे. आपल्याला एका गोदामात कोंडून ठेवलेलं आहे!

परवाच्या बैठकीची ही सुरुवात. बरी वाटते. वहीतसुद्धा मला साधं बोलता येत नाही. कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकल्या, त्याची शिक्षा घरचे अजून भोगतायत. प्रकल्पातले लोक मला 'भोंगा' म्हणतात, तेही तोंडावर. मला ते आवडतं.

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'रांग'. दवाखाना, ग्रंथालय, कचेरी, जिथे जिथे माणसं नंबर घेऊन बाकावर बसतात, तिथे पुढचा नंबर कोणाचा हे ते सांगतं. त्याला मालक नाही. कोणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं. अकरा वर्षांत शे-दीडशे लोकांनी मिळून ते लिहिलं. मधोमध सर्व्हर, आणि त्याच्याशी बोलायला सहा क्लायंट लायब्ररी. म्हणजे सहा दुभाषेच म्हणा, प्रत्येक प्रोग्रामिंगच्या भाषेला एक. सातही जण एकाच रेपोत, म्हणजे कोडच्या एकाच कोठारात, एकाच छपराखाली. त्यालाच आम्ही गोदाम म्हणतो. एका दुभाष्याची कॉलर सरळ करायची, तर सातही जणांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. दोन तास चाळीस मिनिटं. मग दरवान बघणार. मग पुढच्या तिमाहीला, सगळ्यांची तयारी झाली की, सगळे एकदम बाहेर पडणार. वऱ्हाडासारखे.

माझी मागणी साधी आहे. सहाही जणांना वेगळी चूल मांडू द्या.

६ फेब्रुवारी

जिंकलो!

दरवान म्हणजे ज्याच्या होकाराशिवाय गोदामात एक ओळ आत जात नाही तो गृहस्थ. त्याला मी कधी प्रत्यक्ष भेटलेली नाही, पण पडद्यावर रोज दिसतो. थंड माणूस. उकळत्या पाण्यात बुडवला तर पाणी निवेल.

"वेगळं व्हायला माझा विरोध नाही," तो म्हणाला. "पण इतिहास सोबत न्यायचा. कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली, ती प्रत्येक नोंद. ते गाळून काढायला चार आठवडे लागतील. लोकांचे जुने ईमेल पत्ते जुळवावे लागतील."

"आणि नुसत्या फाइली उचलून नव्या जागी ठेवल्या तर?"

"एक दिवस."

मग मी उभी राहिले. (पडद्यावरच्या बैठकीतही मी उभी राहूनच बोलते. त्यामुळे समोरच्यांना फक्त माझं पोट दिसतं, असं नवरा सांगतो.) म्हटलं, घर बदलताना माणूस भांडी नेतो, भिंती नेत नाही! इतिहास गोदामात सुखरूप आहे, ज्याला हवा त्याने तिथे जाऊन वाचावा. आपण सॉफ्टवेअर चालवतो की पुराणवस्तू संग्रहालय?

हशा. मत. नऊ विरुद्ध दोन.

दोनांतला एक दरवान. दुसरे आमचे भावजी! नवऱ्याचे धाकटे भाऊ, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. सहातला एक दुभाष्या गेली नऊ वर्षं तेच सांभाळतायत, आणि त्यांना या कामात आणलं मी. खाली आल्यावर म्हटलं, "काय हो घरभेदी?" ते नुसते हसले. "बघू," म्हणाले. भावजींचा शब्दसंग्रह या एका शब्दापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो.

१० फेब्रुवारी

ग्रंथालयात भाषण झालं. विषय: 'नावाविना राबणारे हात'. जगाला पूल दिसतो, पण गुडघाभर पाण्यात उभं राहून पहिला दगड रचणारा दिसत नाही, या वाक्याला टाळ्या पडल्या. शेवटी एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत भेटायला आले. ज्याचं काम त्याचं नाव, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

१३ फेब्रुवारी

भावजी आज सकाळी स्वतःहून खाली आले. हे वर्षातून दोनदा होतं. बराच वेळ खिडकीची कडी नीट बसते का ते बघत राहिले.

"वहिनी, ते इतिहासाचं… मी करू का? मला सध्या वेळ आहे."

वेळ आहे, कारण छापखाना बंद पडला. तिथल्या यंत्रांचं सगळं प्रोग्रामिंग हेच बघायचे. दोन महिने झाले घरी आहेत, अर्ज करतायत. मला भरून आलं. म्हटलं, "भावजी, तुम्ही आधी नोकरी शोधा. तुमच्या वेळेचा असा चुराडा मी होऊ देणार नाही. जुन्या नोंदी निवडत बसणं हे तुमच्यासारख्याचं काम आहे का?"

"बघू," म्हणाले आणि वर गेले.

माणसाची कदर करायला कोणीतरी लागतं.

१५ फेब्रुवारी

सकाळी आठला बसले, संध्याकाळी पाचला उठले. सहा नवी घरं! फाइली उचलल्या, नव्या रेपोत ठेवल्या, तपासण्या लावल्या, दारावर पाट्या लावल्या, गोदामातले जुने सहा कप्पे काढून टाकले. प्रत्येक घरात पहिली नोंद एकच: 'स्थलांतर. जुनं सगळं इथे आणलं.'

पहिली दुरुस्ती लगेच आली. तपासणीला किती वेळ लागला? चार मिनिटं! दोन तास चाळीस मिनिटांच्या जागी चार मिनिटं! मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. नवरा खालच्या दुकानातून वर आला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला वाटलं पालच निघाली.

१६ फेब्रुवारी

अभिनंदनाचे बावीस निरोप. वार्षिक मेळाव्याचं आमंत्रणही आलं, बीजभाषण माझं. विषय मीच सुचवला: 'एका दिवसात सहा घरं'.

भावजींनी काहीच म्हटलं नाही. दुपारभर वर मशीनसमोर होते, मग फिरायला गेले. रुसले असावेत. मतदानात हरलं की असं होतं, मी समजू शकते.

२१ फेब्रुवारी

एक गमतीदार पत्र. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, चार वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडे एक बदल पाठवला होता. आयुष्यातला एकच. दवाखान्यात त्यांच्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांचा नंबर निघून गेला तेव्हा पडद्यावर आलं, 'अवैध क्रमांक'. आजोबा घाबरून घरी जायला निघाले. बाईंनी महिनाभर खटपट करून, शिकून, ती ओळ बदलली: 'तुमचा नंबर पुढे गेला आहे. काळजी करू नका, पुन्हा घ्या.'

आता लिहितात, "ती ओळ मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे. काल भाचीला दाखवायला गेले तर तिथे तुमचं नाव दिसलं. काही बिघाड झालाय का?"

मी उत्तर पाठवलं: "बाई, ओळ महत्त्वाची, सही नव्हे."

छान वाक्य आहे. मेळाव्यात वापरीन.

२६ फेब्रुवारी

आज भावजींची मुलाखत होती. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते, तेही आमची 'रांग' वापरून, तेही भावजींच्याच दुभाष्यामार्फत! अर्जात त्यांनी तेच काम दाखवलं होतं. आता आपल्या हाताने बांधलेल्या जिन्यावर चढायला माणसाला कसली मुलाखत?

अकराला दार लावून मशीनसमोर बसले. पावणेबाराला बाहेर आले, कपबशी विसळली, पालथी घातली, आणि खाली दुकानात जाऊन नवऱ्याबरोबर चाकं सरळ करायला लागले. मी वरून विचारलं, "काय म्हणाले?"

"बघू."

२८ फेब्रुवारी

नकार आला! दोन ओळींचा. "आम्हाला हे काम प्रत्यक्ष केलेल्या उमेदवाराची आवश्यकता आहे."

वाचून माझं डोकं फिरलं. प्रत्यक्ष केलेला! अरे आंधळ्यांनो, नऊ वर्षं ते काम त्यांनी नाही केलं तर काय मी केलं? फुकटचं खायला पुढे आणि कोणी शिजवलं ते विचारायला मागे! या असल्या कंपन्यांना चव्हाट्यावर आणलं पाहिजे. पत्र लिहायला घेतलं आहे. चार पानं झाली.

२ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी जाऊ कामावर निघाली होती. भावजींची बायको. रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत आहे. आमचा स्वयंपाकघरातला ओटा एकच, त्यामुळे सकाळी दहा मिनिटं आम्ही दोघी तिथे एकमेकींना कोपर मारत असतो. मी तिला पत्राचा तिसरा परिच्छेद वाचून दाखवत होते. ती कपबश्या पुसत होती.

"ताई, हे पत्र पाठवणार कुठे?"

"कंपनीला! दुसरं कुठे?"

"मग पत्ता आपल्याच घराचा घाला."

मी पत्र ओट्यावर ठेवलं.

"त्या माणसाने मुलाखतीत यांची लायब्ररी उघडली," ती म्हणाली. "समोरच. म्हणाला, यात तर एकाच बाईचं नाव आहे. चौदा हजार ओळी, एका दिवसात. तुमचं नाव कुठे आहे? हे म्हणाले, जुन्या जागी आहे. त्याने जुनी जागा उघडली, तिथे तो कप्पाच नाही. मग त्याने विचारलं, या बाई कोण? तर आमचे राजा हरिश्चंद्र काय म्हणाले माहीत आहे? 'त्या माझ्या वहिनी.'"

"म्हणजे…"

"म्हणजे त्याला वाटलं, वहिनीचं काम दीर आपलं म्हणून खपवतोय. तो नंतर अगदी गोड बोलला म्हणे. तेच जास्त लागलं यांना."

तिने कपबशी खाली ठेवली.

"ताई, आमच्याकडे बाटलीवर नाव नसेल तर रक्त कितीही चांगलं असो, आम्ही ओतून देतो. आणि नाव चुकीचं असलं तर…"

"तर?"

"तर माणूस जातो, ताई."

चप्पल घालताना वळून म्हणाली, "तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते. म्हणे, वहिनीनेच मला या कामात आणलं. मी सांगितलं. आता तुम्हीही सांगा त्यांना, मी सांगितलं म्हणून. मला चोरून काही करायला आवडत नाही."

३ मार्च

कोणती ओळ कोणाची हे दाखवणारी एक आज्ञा आमच्या धंद्यात असते. ती दिली. चौदा हजार दोनशे सात ओळी. प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. शेवटपर्यंत बघत गेले, मध्ये कुठे तरी एखादं दुसरं सापडेल म्हणून.

मग गोदामाच्या तळाशी गेले. कप्पा काढला तरी जुन्या नोंदी तिथे पुरलेल्या असतात, खणणाऱ्याला सापडतात. पण खणायला आधी माहीत पाहिजे की खाली काही आहे.

एक ओळ आहे: उत्तर आलं नाही तर सात सेकंद थांब. सातच का? गेल्या आठवड्यात मी ती उगाच आहे म्हणून दोन करणार होते. तळाशी तिची नोंद सापडली, आठ वर्षांपूर्वीची, भावजींच्या हातची: 'टेकडीवरच्या दवाखान्यातलं जुनं मशीन उत्तर द्यायला सहा सेकंद घेतं. तिथे बाकावर बसून चाळीस वेळा मोजलं. सात थांबलो तर कोणाचा नंबर जात नाही.'

चाळीस वेळा.

ज्याला मी भिंती म्हणाले, ते हे होतं. 'ओळ महत्त्वाची, सही नव्हे' हे वाक्य माझंच आहे. 'ज्याचं काम त्याचं नाव' हेही माझंच. दोन्ही वाक्यांना टाळ्या मिळतील असं मला वाटलं होतं, आणि दोन्ही याच वहीत, अकरा दिवसांच्या अंतरावर आहेत.

४ मार्च

खाली दुकानात गेले. भावजी चाक फिरवून त्याची लचक बघत होते. नवरा एक गिअरचा डबा खोलत होता. त्याची एक पद्धत आहे: काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने कापडावर, डावीकडून उजवीकडे. वीस वर्षं बघतेय. वीस वर्षं त्या कापडाला मी 'पसारा' म्हणतेय.

"भावजी, मला कळलं," मी म्हणाले. "जाऊबाईंनी सांगितलं."

"तिला सांगू नको म्हटलं होतं."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी चाक थांबवलं.

"तुम्ही बोलत होतात."

नवरा हसला. मग माझं तोंड बघून एक नट उगाचच पुसायला लागला.

माफी मागितली. मला वाटलं होतं माफी मागताना मला शब्द सुचतील. नाही सुचले. म्हटलं, "मी त्या कंपनीला लिहिते. सगळा दोष माझा म्हणून."

"नको वहिनी. त्यांना वाटेल, वहिनीने भांडून दिराचं नाव लावून घेतलं."

"मग मी करू तरी काय?"

"नावं जुळवायला बसा. एकशे त्रेचाळीस आहेत. माझ्या एकट्याचं नको."

वर जाऊन त्यांनी एक यादी आणली. तेराव्या तारखेला मी त्यांची 'कदर' केली, त्याच दिवशी दुपारी त्यांनी ती सुरू केली होती. एकशे त्रेचाळीसपैकी अडुसष्ट नावं जुळलेली. स्वतःच्या नावापुढची जागा मोकळी. "ते माहीतच आहे ना," म्हणाले.

५ मार्च

दरवानाशी बोलले. त्याने मला 'सांगितलं होतं' असं ऐकवावं म्हणून मी अक्षरशः वाट बघत होते. त्याच्या जागी मी असते तर सोडलं नसतं. तो म्हणाला, "सकाळी किती वाजता बसायचं?"

मग किंमत सांगितली. सहाही घरं पायापासून पुन्हा बांधायची, इतिहासासकट. तीन आठवड्यांत लोकांनी नव्याने केलेलं काम त्यावर एकेक करून पुन्हा चढवायचं. आणि ज्यांनी ज्यांनी नव्या रेपोची प्रत आपल्या मशीनवर उतरवली आहे, त्या सगळ्यांनी ती पुसून पुन्हा उतरवायची. एकाने जरी जुन्या प्रतीवरून काम पाठवलं, तरी माझ्या नावाच्या त्या चौदा हजार ओळी मागच्या दाराने परत आत येतील.

"लोक चिडतील," तो म्हणाला. "आणि सांगावं तुम्हालाच लागेल. मी सांगितलं तर कोणी वाचत नाही."

९ मार्च

चार दिवस आम्ही तिघं सकाळी आठ ते बारा बसतोय. दरवान पडद्यावर, भावजी आणि मी जेवणाच्या टेबलावर. एका माणसाचे चार ईमेल पत्ते निघाले, चारही वेगवेगळ्या टोपणनावांचे. एकीने लग्नानंतर नाव बदललं आणि मोडल्यावर परत बदललं. तिला विचारलं, कोणतं लावू? म्हणाली, "काम केलं तेव्हा जे होतं ते. त्या वर्षी मला एवढंच चांगलं जमलं होतं."

एकाचं पत्र परत आलं. शोधत गेलो तर त्याची बहीण सापडली. तो दोन वर्षांपूर्वी गेला. ती म्हणाली, "लावा. त्याचा कॉम्प्युटर आम्ही देऊन टाकला. त्याचं असं काही कुठे शिल्लक आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं."

भावजींनी फोन ठेवला आणि यादीत त्या नावापुढे खूण केली. मग उठून खिडकीची कडी बघत राहिले. ती कडी अगदी ठीक आहे, मला आता कळलंय.

भूगोलाच्या बाईंना लांबलचक पत्र लिहिलं. मग फाडून तीन ओळींचं लिहिलं. त्यांचं उत्तर: "हरकत नाही. पुढच्या वेळी विचारायचं, म्हणजे झालं." शाळेत असताना याच आवाजाला मी घाबरायचे.

१२ मार्च

जाहीर निवेदनाचा मसुदा केला. 'स्थलांतराच्या प्रक्रियेत काही नोंदी वगळल्या गेल्याचे निदर्शनास आले आहे.' नवऱ्याला दाखवला. त्याने हात पुसून कागद घेतला.

"वगळल्या गेल्या? आपोआप? गारा पडल्या तशा?"

"अरे, अशी पद्धत असते लिहायची."

"गिऱ्हाइकाच्या सायकलचा ब्रेक मी उलटा बसवला, तर मी काय सांगू? 'ब्रेक उलटा बसवला गेल्याचे निदर्शनास आले'? तो मला सायकलसकट खाली टाकेल."

नवा मसुदा: 'एका दिवसाच्या हौसेपायी मी एकशे बेचाळीस जणांची नावं पुसून तिथे माझं लावलं. मला थांबवणाऱ्या दोघांना मी हसले. आता त्या दोघांबरोबर बसून ती परत लावली आहेत. तुमच्याकडची प्रत पुसा आणि नवी उतरवून घ्या. तुम्हाला होणारा त्रास माझ्यामुळे आहे.'

आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

१४ मार्च

सहाही घरं पुन्हा उभी राहिली. ती आज्ञा पुन्हा दिली. ओळींपुढे नावं, नावं, नावं. भावजींच्या दुभाष्यात त्यांच्या एक हजार दोनशे बारा नोंदी. माझ्या तीन. त्यातली एक मी आठ वर्षांपूर्वी घातलेली चूक. तिच्याखालीच, दुसऱ्या दिवशी भावजींनी केलेली तिची दुरुस्ती. त्या दुरुस्तीपुढे त्यांनी लिहिलंय: 'किरकोळ.' इतक्या वर्षांत त्यांनी मला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

तपासणीला अजूनही चारच मिनिटं लागतात. म्हणजे वेगळी चूल मांडायची हे माझं म्हणणं खरंच होतं. घाई तेवढी माझी एकटीची होती.

१७ मार्च

बरंच ऐकून घेतलं. "भोंग्याचा आवाज बसला वाटतं!" "घरं बदलायची की ढोलकी वाजवायची, एकदा ठरवा." एकाने नुसतं लिहिलं: "आमच्या प्रतीत सगळं चालतंय. आम्ही काही पुसणार नाही." असे एकूण एकोणीस जण आहेत. काल त्यातल्या एकाने जुन्या प्रतीवरून काम पाठवलंच. दरवानाने दारातच अडवलं. पण एखादं त्याच्या नजरेतून सुटलं तर?

मेळाव्याच्या आयोजकांना कळवलं, बीजभाषण रद्द करा. त्यांनी उत्तर दिलं, विषय बदला, भाषण ठेवा.

२० मार्च

जाऊ आज कामावर जाताना दारात थांबली. "ताई, यांना एक मेल आलीय. मला दाखवत नाहीत. दाखवत नाहीत म्हणजे चांगली असणार."

चांगलीच होती. ती कंपनी आमची 'रांग' वापरते, म्हणजे निवेदन त्यांनाही गेलं होतं. मुलाखत घेणाऱ्याच माणसाने नवी प्रत उतरवली. लिहितो: "आज आमच्या एका दवाखान्यात रांग अडकली होती. सात सेकंदांच्या ओळीपाशी आलो आणि तुमची टेकडीवरची नोंद वाचली. मी तुम्हाला चुकीचे प्रश्न विचारले. मंगळवारी पुन्हा बोलू शकाल का?"

"मग काय कळवलंत?" मी विचारलं.

"बघू…"

"बघू नाही!" आम्ही दोघी जावा एकदमच ओरडलो. दुकानातून नवरा धावत वर आला.

मंगळवारचं काय होईल मला माहीत नाही. तिथे आणखी उमेदवार असतील. पण या वेळी ते समोर बसतील तेव्हा त्यांचं काम त्यांच्या शेजारी बसलेलं असेल.

२२ मार्च

उद्या मेळावा. मला वीस मिनिटं दिली आहेत. त्यातली अकरा मिनिटं मी एकशे त्रेचाळीस नावं वाचणार आहे. भावजींसमोर घड्याळ लावून तालीम केली. चार उच्चार चुकले, त्यांनी सुधारले. उरलेल्या वेळासाठी हे लिहिलंय:

मित्रहो, तुमच्यातले एकोणीस जण अजून माझ्या चुकीची प्रत घेऊन बसले आहेत. ती चालते, मला माहीत आहे. चुकीच्या नावाच्या बाटलीतलं रक्तही लालच दिसतं. तुम्हाला पटवून द्यायला माझ्याकडे अजून पुष्कळ वाक्यं आहेत, पण माझ्या वाक्यांनीच हे सगळं झालं. म्हणून एकच काम सांगते, आणि ते घरी गेल्यावर करायचं नाही. मशीन समोर आहे, उघडा. जुनी प्रत पुसा. नवी उतरवून घ्या. पाच मिनिटं लागतात.

करा. तोवर मी बोलत नाही.